काटा कोणी बघितला

मालोजी फिटरने गाडीचं इंजिन घरच्या घरी उघडायचं ठरवलं, त्याला कारणं दोन होती. एक तो ज्याला त्याला सांगत होता आणि दुसरं न सांगताच अख्ख्या आळीला ठाऊक होतं.

सांगायचं कारण असं, की खालापुरातल्या कारखान्यात मेंटेनन्सला जन्म घालवलेल्या माणसाने आपली गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. गॅरेजचा पोरगा येऊन बघून गेला होता. "काका, थर्मोस्टॅट अडकलाय. काढून फेका, त्याच्याबिगर पण चालते गाडी," असं तो म्हणाला आणि मालोजीचं डोकंच फिरलं. कंपनीने बसवून दिलेला भाग काढून फेकायचा आणि गाडी तशीच पिटाळायची, असली जुगाडं त्याने आयुष्यात कधी केली नव्हती. निदान त्याचं म्हणणं तरी तसं होतं.

थर्मोस्टॅट म्हणजे मुठीत मावेल एवढी चकती, तिच्या पाठीला एक स्प्रिंग. इंजिन तापलं की ती उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देते. ती मिटलेलीच राहिली तर पाणी आतल्या आत उकळतं, स्टेअरिंगसमोरचा काटा लाल रेघेवर जातो आणि मग त्या इंजिनाचं काही खरं नसतं. मालोजीच्या पांढऱ्या गाडीचं हेच झालं होतं. गाडी जुनी, आधी कोणा मुंबईवाल्याने वापरलेली. पण कडावच्या त्या आळीतली ती पहिली चारचाकी होती आणि मालोजी तिला रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचा. बायकोच्या वाट्याला एवढी माया आली नव्हती, असं नंदा स्वतःच हसून सांगायची.

दुसरं कारण म्हणजे दशरथ.

दशरथ आळीतलाच, मालोजीच्या बरोबरीचा. लहानपणी राजनाल्याच्या कालव्यात दोघे एकत्र डुंबलेले. दशरथची स्वतःची गाडी कधी झाली नाही, पण जुन्या हायवेवर त्याने बरीच वर्षं टेंपो हाकला होता, त्यामुळे गाडी कोणाचीही असो, घाट आला की स्टेअरिंग दशरथकडे. बाळंतीण न्यायची, देवाला जायचं, नवीन गाडी शोरूममधून आणायची, दशरथला हाक मारली की तो शर्टाची बटणं लावत लावतच यायचा.

त्याच्या मुलीचं, हर्षलाचं लग्न निघालं तेव्हा हळदीच्या दिवशी मालोजीने आपणहून चावी त्याच्या हातात ठेवली होती. "जा, तुझी बहीण आण लोधिवलीवरून. पोरीची म्हातारी आत्या टेंपोत कुठं बसल?" दशरथला भरून आलं होतं. गाडी गेली ती बरी गेली. येताना चौकच्या अलीकडे उकळली. दशरथने बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण सैल करताना वाफेचा लोट आला आणि त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तशाच हाताने त्याने पाणी ओतलं, पण गाडीने मान टाकली ती टाकलीच. पाव्हणे शेवटी टेंपोनेच आले. गाडी ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून आली, आणि आली ती थेट मांडवासमोर.

मांडवात तेव्हा नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली होती. हर्षला पाटावर बसली होती, बायका लग्नाची गाणी, धवले, म्हणत होत्या, बाहेर बेंजोवाले तयारीत होते. आणि दोराला बांधलेली आपली गाडी बघून मालोजीचा तोल गेला.

"काटा बघता येत नाय तुला? लाल झाला तरी हाणत व्हतास?" तो मांडवाच्या तोंडाशी उभा राहून ओरडला. "दुसऱ्याची गाडी म्हंजे फुकटची हाय व्हय? एवढी वर्सं काय टेंपो चालवलास का बैलगाडी?"

धवले मधेच थांबले. व्याह्यांनी एकमेकांकडे बघितलं. दशरथने भाजलेल्या हातासकट दोन्ही हात जोडले. "चुकलं असंल रं मालोजी. आता राहू दे. पोरीची हळद हाय." आणि पाटावरून हर्षला, तोंडभर हळद लागलेली, बापाचे ते जोडलेले हात बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी कन्यादानाला दशरथ हाताला पांढरी पट्टी बांधून बसला होता. मालोजी लग्नाला गेला, अक्षता टाकल्या, जेवला आणि घरी आला. आपण थोडं जास्त बोललो, असं त्याला जेवताना वाटलं होतं. पण दोराला बांधलेली गाडी डोळ्यांसमोर आली की ते वाटणं पार विरून जायचं.

गावानेही मालोजीचंच खरं धरलं. फिटर सांगतोय म्हणजे तसंच असणार. तेव्हापासून दशरथला कोणी स्टेअरिंगवर बसायला हाक मारली नाही.

तर आता रविवारी सकाळी मालोजीने घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडखाली गाडीचं बॉनेट उघडलं, ते नुसता भाग बदलायला नव्हे. त्याला दाखवायचं होतं. पुतण्या विपुलकडून त्याने पनवेलहून नवा थर्मोस्टॅट मागवून ठेवला होता, आणि पोशादादाला मुद्दाम बोलावणं धाडलं होतं. पोशादादा म्हणजे आळीतला वडीलधारा, भांडणतंट्यात मधे पडणारा. त्याच्यासाठी शेडखाली प्लास्टिकची खुर्ची मांडली होती. खटला चालवायचा तर न्यायाधीश नको?

"बघा आता दादा, आत काय करून ठेवलंय ते," मालोजीने पाना हातात घेतला. "पानी नसताना गाडी पळवली की आतलं सगळं असं चिकटून बसतं."

"हं," पोशादादा म्हणाला आणि चहा बशीत ओतला.

थर्मोस्टॅट बसतो इंजिनाच्या अंगाला, एका छोट्या टोपीखाली, आणि ती टोपी दोन बोल्टांनी आवळलेली असते. पहिला बोल्ट जरा कुरकुरला आणि आला. दुसरा हलेना. मालोजीने त्याच्यावर रॉकेल सोडलं, हातोडीने चारी बाजूंनी हलकं ठोकलं, पुन्हा पाना लावला. बोल्ट तसूभर सरकला नाही. हे करता करता त्याचं तोंड चालूच होतं. इंजिन म्हणजे काय, तापणं म्हणजे काय, चांगला ड्रायव्हर एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर कसा ठेवतो, हे सगळं सांगून झालं. मग पाना सटकला, बोटाचं साल निघालं आणि बोल्टाचे कोपरे गोल झाले. आता त्यावर पाना बसण्याचीही सोय राहिली नाही.

पोशादादाने दोनदा जांभई दिली. विपुलला कोणाचा तरी फोन आला आणि तो "आलोच काका" म्हणून गेला तो गेलाच. उन्हं पत्र्यावर आली तसं दादाही उठला. "जेवून येतो रं. निघाला की सांग," असं म्हणत त्याने धोतर झटकलं. शेडखाली मालोजी, गाडी आणि तो बोल्ट एवढेच उरले.

मग मात्र मालोजी गप्प राहून कामाला लागला, आणि गप्प असताना तो खरोखर चांगला फिटर होता. पकड बोल्टाच्या डोक्यावर गच्च बसवली, मागून पाइप घालून लांबी वाढवली, आणि एकदा उलटं, एकदा सुलटं असं जीव लावून फिरवत राहिला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. शेवटी बोल्टाने कट्कन आवाज दिला आणि तो फिरला. टोपी चिकटली होती ती लाकडाचा ठोकळा लावून सोडवली. आत थर्मोस्टॅट आपल्या जागी घट्ट रुतून बसला होता. मालोजीने स्क्रूड्रायव्हरने कडेकडेने तो उचकटला आणि तळहातावर घेतला.

तो पिवळा होता.

गंजाचा तांबूस रंग मालोजीने जन्मभर बघितला होता. हा तो नव्हता. चकतीच्या कडेला, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत, सगळीकडे पिवळा लगदा भरून सुकला होता, भांड्याच्या बुडाला लागलेल्या पिठल्यासारखा. त्याने नखाने खरवडलं. नाकाशी नेलं. शिजलेल्या हळदीचा तो वास स्वयंपाकघरात गेलेल्या कोणालाही ओळखता आला असता.

मालोजी पोशादादाच्या खुर्चीत बसला.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात रेडिएटरला बारीक गळती लागली होती. रोज सकाळी गाडीखाली ओल दिसायची. रेडिएटर काढून भोक झाळून बुजवायला न्यायचा तर गाडी चार दिवस उभी राहणार, आणि लग्नघराला तर गाडी द्यायचा शब्द दिलेला. तेव्हा त्याला हायवेवरच्या ट्रकवाल्यांची युक्ती आठवली. बोरघाट चढायच्या आधी गळणाऱ्या रेडिएटरमध्ये ते चमचाभर हळद टाकायचे. हळद भोकापाशी जाऊन फुगते आणि गळती बसते. कारखान्यात असताना मालोजी या युक्तीला पोट धरून हसायचा. "इंजिन हाय का कालवण?" असं म्हणायचा. त्यामुळे त्याने ती गुपचूप केली, नंदा नाल्यावर कपडे धुवायला गेलेली असताना. हळदीचा डबा उघडला, आणि चमचाभराने काय होणार म्हणून मूठभर घेतली. मग आणखी एक मूठ. गळती बसली. मालोजी मनातल्या मनात खूश झाला, आणि बाजारापर्यंत जाऊन आला तेव्हा गाडीला काही झालं नाही. मग चावी त्याने दशरथच्या हातात दिली. लोधिवलीच्या लांबच्या पल्ल्यात ती हळद शिजली, फुगली आणि इथे येऊन बसली.

त्या दिवसापासून आजपर्यंत ही गोष्ट त्याच्या मनात एकदाही आली नव्हती का? आली होती. मांडवासमोर ओरडताना, ओरडण्याच्या ऐन मध्यावर, ती एकदा आली होती, आणि त्याने आवाज आणखी चढवला होता. हे आज त्याला तितकंच स्पष्ट आठवलं आणि त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

आधी त्याने रस्त्याकडे बघितलं. कोणी येत नव्हतं. मग तो झटकन उठला, पाण्याची नळी लावली आणि रेडिएटर धुवायला घेतला. पिवळं पाणी शेडमधून वाहत अळूच्या वाफ्यात गेलं. त्याने पायाने माती ओढून ओहोळ झाकला. पाणी स्वच्छ येईपर्यंत तो धूत राहिला, आणि चोरी करणाऱ्या माणसासारखा मधूनमधून मान वर करून बघत राहिला. मग मोरीवर जाऊन कपड्यांच्या साबणाने हात खसाखसा चोळले. हात लाल झाले.

हळदीला साबण लागला की ती लाल होते. ज्या घरात लग्न झालंय त्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. मालोजी आपल्या लालभडक तळव्यांकडे बघत असतानाच मागून नंदा आली. हातात जेवणाचं ताट होतं. तिने तळवे बघितले, मोरीतलं पाणी बघितलं, अळूचा वाफा बघितला.

"हळद हाय ती," ती म्हणाली.

मालोजीने हात पाठीमागे नेले.

"हर्षलाच्या हळदीला घरची हळद द्यायची म्हणून मी डबा उघडला व्हता. तळाला गेलेली. तुमाला इचारलं तर म्हनालात, उंदरांनी सांडली असंल." नंदाने ताट ओट्यावर ठेवलं. "दुकानातली पुडी दिली मग मी. लाज वाटली मला, वर्साची हळद घरात कांडून पोरीला पुडी द्यायची म्हंजे."

"नंदा," मालोजीचा आवाज खाली गेला. "कोनाला बोलू नको."

"मी कशाला बोलू? मी नाय टाकली." आणि ती आत गेली.

त्याने जेवण केलं नाही. नवा थर्मोस्टॅट बसवला, नवं पॅकिंग घातलं, नवे बोल्ट आवळले, कूलंट भरलं. जुना तुकडा कागदात गुंडाळून परड्यातल्या उकिरड्यावर लांब फेकला. गाडी चालू केली. काटा हळूहळू वर आला आणि मधोमध थांबला. एरवी या क्षणाला त्याची छाती फुगली असती. आज तो स्टेअरिंगला धरून बसून राहिला आणि काटा लाल व्हावा, सगळं इंजिन फुटून जावं, असं त्याला वाटलं.

इंजिनाचा आवाज ऐकून पोशादादा परत आला, विपुलही उगवला. "वा रं फिटर!" दादाने बॉनेटवर थाप मारली. "दशरथनं घालवली आन तू आनलीस."

"जुना बघू ना काका," विपुल म्हणाला. "काय झालं व्हतं त्याला?"

"काय बघायचंय त्यात? गंजला व्हता. दिला फेकून," मालोजी म्हणाला. तोंडून इतक्या सहज खोटं गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. दारात नंदा उभी होती. तिने ऐकलं आणि ती सुपातले तांदूळ पाखडत राहिली.

मंगळवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, दशरथ आला.

फाटकाशी खोकला ऐकला तेव्हाच मालोजीने ओळखलं. त्याला वाटलं आत जाऊन निजावं, नंदाला सांगावं की घरात नाही म्हण. पण दशरथ ओटीवर आलाही होता. पट्टी सुटली होती. कातडीवर गुलाबी डाग पडला होता, मनगटापासून वर गेलेला. मालोजीची नजर तिथेच गेली आणि त्याने ती उचलून परड्याकडे नेली.

"बस," तो म्हणाला.

दशरथ बसला. खिशातून त्याने एक खोका काढला आणि दोघांच्या मधे ठेवला. पुठ्ठ्याचा, नवा कोरा. "थर्मोस्टॅट आनलाय. गॅरेजच्या पोराला इचारून तुझ्या गाडीचाच आनलाय, दुसरा नाय. पनवेलला मिळाला."

मालोजीने खोक्याला हात लावला नाही. "आनला मी. बसवला पन."

"ऐकलं मी. चालू झाली म्हनले." दशरथने खोका तसाच राहू दिला. "असू दे. पुन्यांदा लागंल. घालवला मी, तर आनायला नको?"

नंदा चहा घेऊन आली. कप ठेवून ती परत गेली नाही, चौकटीला टेकून उभी राहिली. मालोजीला तिच्याकडे न बघताही ती कशाची वाट बघतेय ते कळत होतं.

"मी लई इचार केला रं मालोजी," दशरथ बोलायला लागला. "आधी मला वाटायचं, मी काटा बघितला व्हता. मधोमध व्हता आन एकदम वर गेला, तसाच मी गाडी बाजूला घेतली. असं मला वाटायचं. पन मग वाटाय लागलं, नसंल बघितला. पोरीची हळद, पाव्हणे, उशीर झालेला. ध्यान नसंल माझं. तू फिटर हायस, तू काय उगाच बोलशील?" तो जरासा हसला. "वय झालं आता. नजर नाय राहिली. त्या फार्महौसवाल्या साहेबानं ड्रायव्हर म्हनून बोलावलं व्हतं मला. नाय म्हनालो. त्याची पोरं बसनार गाडीत. त्यांच्या जिवाला काय झालं म्हंजे? आता ष्टेरिंगला हात नाय लावायचा."

शेजारच्या गोठ्यात म्हैस हंबरली. मालोजीने तोंड उघडलं. हळद हा शब्द जिभेवर होता, अगदी दातांपाशी. सांगायचं होतं एवढंच. आणि त्याच्या तोंडून निघालं, "चहा घे. निवंल."

चौकटीतून नंदाच्या बांगड्या वाजल्या आणि ती आत निघून गेली.

दशरथने चहा संपवला. उठताना म्हणाला, "गुरुवारी हर्षला येतेय. लग्नानंतर पयल्यांदा. जावय, व्याही, सगळी येतायत. तू आन वहिनी या जेवाय. त्या दिवशीचं मनात नको ठेवू." फाटकापर्यंत जाऊन तो वळला. "पोरगी फोनवर इचारते, मालोजीकाका अजून रागावलेत काय गं बाबांवर, असं. तिच्या आईला इचारते. तू आलास की बरं वाटंल तिला."

तो गेल्यावर मालोजी त्या खोक्याकडे बघत बसला. त्याला वाटत होतं की आपण दशरथचा अपमान केला, मांडवात चार माणसांत त्याला खाली बघायला लावलं. तेवढंच असतं तर माफी मागून भागलं असतं. पण त्या माणसाने डोळ्यांनी जे बघितलं होतं, तेच मालोजीने त्याच्याकडून काढून घेतलं होतं. आता दशरथचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिला नव्हता. आणि त्यासाठी तो नवा कोरा भाग घेऊन, माफी मागायला, मालोजीच्याच ओटीवर आला होता. मालोजीला इतकी लाज वाटली, की ओटीवर दुसरं कोणी नसताना त्याने पंच्याने तोंड झाकून घेतलं.

बुधवारी पहाटे नंदा उठली तेव्हा तो परड्यात होता. हातात फावडं होतं आणि अर्धा उकिरडा त्याने उपसून बाजूला केला होता. शेण, राख, भाज्यांची सालं, सगळं अंगणभर पसरलं होतं.

"काय शोधताय?" नंदाने विचारलं.

"तुला ठाव हाय."

ती पदर खोचून खाली उतरली. दोघांनी मिळून शोधलं. कागद भिजून फाटला होता, पण तुकडा सापडला. नंदानेच तो उचलला. धुवायला घेणार, तोच मालोजीने तिचा हात धरला. "धुवू नको," तो म्हणाला.

गुरुवारी दशरथच्या अंगणात ताडपत्री घातली होती. व्याही खाटेवर बसले होते, जावई मोबाइलवर काहीतरी दाखवत होता, पोशादादा सुपारी कातरत होता. हर्षला नव्या साडीत आतबाहेर करत होती. मालोजी आणि नंदा फाटकातून आत आले तशी ती थबकली आणि पदर सावरून पाया पडायला वाकली. मालोजीला आशीर्वादाचा हात वर करवेना.

"या, या," दशरथ लगबगीने पुढे आला. "बसा."

"बसत नाय," मालोजी म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून तो खाकरला आणि मोठ्याने बोलला. मांडवात ओरडला होता तेवढ्या मोठ्याने. "मला सगळ्यांम्होरं बोलायचंय. त्या दिवशी सगळ्यांम्होरंच बोललो व्हतो."

व्याह्यांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा तोच प्रकार, असं त्यांना वाटलं असणार. हर्षलाचा चेहरा उतरला. दशरथचे हात आपोआप एकमेकांजवळ यायला लागले, जोडले जायला. ते बघून मालोजीला धीर धरवला नाही. त्याने खिशातून फडकं काढलं, उलगडलं आणि तो तुकडा तळहातावर धरला.

"ही हळद हाय. माझ्या घरातली. रेडिएटर गळत व्हता, म्हनून मी टाकली. मूठ मूठ टाकली. ती हितं येऊन बसली आन गाडी उकळली. मी टाकलेली, दशरथनं काय नाय केलं. मला त्याच दिवशी कळाय पायजे व्हतं. कळलं व्हतं पन." तो थांबला. पुढचं वाक्य त्याने घरून पाठ करून आणलं होतं, माफीचं, पण ते कुठल्या कुठे गेलं. "रविवारी सापडली. तरी पन मी गप बसलो. तू परवा आलास तरी गप बसलो."

पोशादादाचा अडकित्ता अर्ध्यात थांबला. विहिणीने तोंडाला पदर लावला, हसू दाबायला की कशाला ते कळलं नाही. दशरथने पुढे येऊन मालोजीच्या हातावरचा तुकडा उचलला. उलटा करून बघितला. नखाने खरवडून नाकाशी नेला. मालोजी उभा होता. दशरथने आता चार शिव्या हासडाव्यात, कानाखाली द्यावी, निदान तो तुकडा तोंडावर फेकून मारावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. गाडीची चावी मालोजी खिशात घेऊन आला होता, सगळ्यांसमोर दशरथच्या हातात द्यायला. पण आता ती काढायचा धीर त्याला झाला नाही.

दशरथने त्याच्याकडे बघितलंच नाही. तो हर्षलाकडे वळला. गुलाबी डागाच्या हाताने त्याने पिवळा तुकडा मुठीत घट्ट धरला होता.

"म्हंजे मी बघितला व्हता गं काटा," तो तिला म्हणाला. डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. "मधोमध व्हता. मी बघितला व्हता."